एका स्वरात मावलेलं व्याकरण

डिंका ही एक भाषा आहे की पाच? दक्षिण सुदानमधल्या या भाषेची माहिती शोधायला निघालं की हा प्रश्न पहिल्याच पायरीवर आडवा येतो. जगातल्या भाषांना संकेताक्षरं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत डिंकासाठी एक सामाईक खूण आहे आणि तिच्या पोटात पुन्हा पाच स्वतंत्र खुणा आहेत: ईशान्येची पदांग, वायव्येची रुवेंग, दक्षिण-मध्य भागातली अगार, आग्नेयेची बोर आणि नैर्ऋत्येची रेक. म्हणजे यादी करणाऱ्यांनीही निकाल दिलेला नाही, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून दिली आहेत. हा वाद बहुधा दोन निकषांवर चालतो. एका बोलीच्या माणसाला दुसऱ्या बोलीचं किती कळतं, हा एक. आणि लोक स्वतःला काय म्हणवतात, हा दुसरा. माझं म्हणणं असं, की या दोन्ही निकषांनी डिंकाचा उलगडा होत नाही, कारण पेच वेगळ्याच जागी आहे. या भाषेचं बरंचसं व्याकरण शब्दातल्या एका स्वरात भरलेलं आहे, आणि तिच्या बोली एकमेकींपासून दूर होतात त्याही मुख्यतः त्या स्वरातच. त्यामुळे डिंका एक की अनेक आणि डिंका लिहायची कशी, हे प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे.

आधी ही भाषा कुठे नांदते ते पाहू. पांढरी नाईल दक्षिण सुदानच्या सपाटीवर आली की तिचा वेग मंदावतो आणि पाणी पसरून सुद्द नावाची अफाट दलदल तयार होते. या दलदलीभोवती धनुष्यासारखा एक पट्टा आहे. ईशान्येला रेंक, मग नाईलच्या पूर्वतीरावरून दक्षिणेला बोर, तिथून नदीपलीकडे पश्चिमेला रुंबेक, पुढे गोग्रियाल आणि अवेल, आणि उत्तरेला सुदानच्या सीमेवरचं, आजही दोन देशांमध्ये वादात असलेलं अब्येई. या पट्ट्यात डिंका राहतात. ते स्वतःला जिएंग किंवा मुओन्यजांग म्हणवतात आणि भाषेला थुओंगजांग. दक्षिण सुदानमधला हा सर्वांत मोठा समाज आहे, देशातला साधारण प्रत्येक तिसरा माणूस डिंका आहे. अखंड सुदानच्या १९५५-५६ च्या पहिल्या जनगणनेत एक कोटीच्या आसपास लोकसंख्येत अकरा लाखांहून अधिक लोकांची भाषा डिंका नोंदली गेली होती. आज भाषकांचे अंदाज कित्येक दशलक्षांचे आहेत आणि युद्ध, स्थलांतर व वादग्रस्त ठरलेली २००८ ची जनगणना यांमुळे ते एकमेकांशी जुळत नाहीत. कूळ म्हणाल तर पश्चिम नायलोटिक. शेजारची नुएर ही तिची सर्वांत जवळची बहीण. शिल्लुक, अन्युआक, अचोली आणि बराक ओबामांच्या वडिलांची केनियातली लुओ या चुलत बहिणी. अरबीशी तिचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही.

या पट्ट्याला कधीच एक राजधानी नव्हती. शेजारच्या शिल्लुक लोकांना राजा होता, डिंकांना नव्हता. अनेक गट, त्यांचे पोटगट, पवित्र भाला धारण करणारी पुरोहित घराणी, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी गुरं. पावसाळ्यात उंचवट्यावरच्या वस्त्यांमध्ये ज्वारी पिकवायची आणि कोरड्या हंगामात गुरं घेऊन नदीकाठच्या कुरणांवर उतरायचं, असं वर्ष विभागलेलं असे, आणि जिथे शांतता आहे तिथे अजूनही असतं. कुरणांवर गुरांचे मोठमोठे तळ पडतात, शेजारचे गट तिथे एकत्र येतात, भांडतात, लग्नं जुळवतात, गाणी ऐकतात. भाषेच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की प्रत्येक बोलीची शेजारच्या बोलीशी सतत घसट राहिली, पण सगळ्यांना बांधणारं पुण्यासारखं एखादं केंद्र, जिथली बोली 'शुद्ध' म्हणून पाठ्यपुस्तकात जाते, ते कधी तयार झालं नाही. बोर आणि अवेलच्या माणसांना एकमेकांचं बोलणं समजायला वेळ लागतो. पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर शेजाऱ्याला शेजाऱ्याचं कळतं. साखळी कुठे तोडायची हे साखळी सांगत नाही, तोडणारा सांगतो.

समजण्याच्या निकषाची ही गत. लोक स्वतःला काय म्हणवतात या निकषाची गतही फारशी बरी नाही. रुंबेक आणि यिरोलच्या भागात अतुओत नावाचा समाज आहे. चालीरीती, गुरं, लग्नसंबंध यांमुळे त्यांना अनेकदा डिंकांमध्येच गणलं जातं. त्यांची भाषा मात्र नुएरच्या जवळची निघते. म्हणजे समाजाची रेषा आणि भाषेची रेषा एकमेकींवर बसत नाहीत. म्हणून भाषेच्या आतच डोकावलं पाहिजे.

आत डोकावताना मराठी वाचकाला सुरुवातीला अगदी घरी आल्यासारखं वाटेल. डिंकात वीस व्यंजनं आहेत, आणि त्यांतली पंधरा आपल्या वर्णमालेच्या पाच वर्गांत नीट बसतात: प-ब-म, त-द-न, ट-ड-ण यांच्या जागी दंतमूलीय ट-ड-न, मग च-ज-ञ आणि क-ग-ङ. महाप्राण मात्र नाहीत. जे ङ आणि ञ आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर स्वतंत्रपणे वापरत नाही, ते डिंकात शब्दाच्या आरंभी सर्रास येतात; अब्येईच्या डिंकांच्या गटाचं नाव ङोक आहे, रोमन लिपीतून आपण ते न्गोक असं वाचतो. दात आणि हिरडी यांच्यातला फरक, म्हणजे साधारण आपला त आणि ट, डिंकात अर्थ बदलतो. रोमन लिपीला हा भेद दाखवायला एक अक्षर पुरत नाही, म्हणून डिंकाच्या लेखनात दंत्य व्यंजनांना शेपटीसारखा एच जोडतात. थुओंगजांग हे नाव वर मी रूढ रोमन लेखनानुसार लिहिलं. त्यातला पहिला उच्चार खरं तर आपल्या 'त'चा आहे. व्यंजनांच्या बाबतीत देवनागरी डिंकाला रोमनपेक्षा सहज बसली असती. पण ही सोय इथेच संपते, कारण डिंकाची खरी करामत स्वरांत आहे.

डिंकात मूळ स्वर सात. त्यांतला प्रत्येक स्वर, एक उ वगळता, दोन प्रकारे उच्चारता येतो: साध्या आवाजात किंवा श्वास मिसळलेल्या आवाजात. उ नेहमी श्वासाळच असतो. हे ऐकायला परकं वाटलं तरी फार लांब जायला नको. गुजरातीत 'बार' म्हणजे बारा, आणि 'बहार' म्हणजे बाहेर; दुसरा शब्द रोजच्या बोलण्यात उच्चारताना ह वेगळा उभा राहत नाही, त्याचा श्वास आ मध्ये विरघळतो. डिंकाने हाच भेद व्याकरणाच्या कामाला लावला. मग लांबी. आपण ऱ्हस्व आणि दीर्घ दोनच मानतो, आणि लांबीने अर्थ बदलणाऱ्या बहुतेक भाषाही दोनावरच थांबतात. डिंकात तीन आहेत: ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ. भाषाशास्त्रात बराच काळ असं मानलं जाई, की एकाच अक्षरात स्वराच्या तीन लांब्या अर्थभेदक असू शकत नाहीत. एस्टोनियनचं उदाहरण दिलं जाई, पण तिथे लांबीचा संबंध शब्दाच्या संपूर्ण बांधणीशी असतो. डेन्मार्कचे टॉर्बेन अँडरसन यांनी १९८० च्या दशकात अगार बोलीचं बारकाईने वर्णन केलं, आणि २००८ मध्ये बर्ट रेमाइसन आणि लिओमा गिली यांनी लुआन्यजांग बोलीत ध्वनिमुद्रणावरून मोजमाप करून दाखवलं, की या तीन लांब्या खऱ्या आहेत. या सगळ्यावर सूर आहेतच. पंजाबीत घोडा आणि चाबूक या अर्थाच्या शब्दांना वेगळं करणारा सूर असतो, तसा सूर डिंकात जवळपास प्रत्येक अक्षरावर असतो. काही बोलींत असे तीन सूर सांगितले जातात, काहींत चार. सात स्वर, आवाजाचे दोन प्रकार, तीन लांब्या, तीनचार सूर. हिशेब मांडला तर त्याच दोन व्यंजनांच्या मध्ये शंभराहून अधिक वेगवेगळी अक्षरं उभी राहू शकतात. प्रत्यक्षात सगळी वापरली जात नाहीत, पण जागा तेवढी आहे.

ही जागा डिंकाला लागते, कारण तिचे बहुतेक मूळ शब्द एकाक्षरी आहेत आणि आपण ज्याला प्रत्यय म्हणतो ते तिच्याकडे फार थोडे. मराठीत घर, घरं, घरात, घराला असं शेवटाला काहीतरी चिकटत जातं. डिंकात शब्द बाहेरून वाढत नाही, आतून बदलतो. मूल म्हणजे साधारण 'मेत', मुलं म्हणजे 'मित', आणि या दुसऱ्या शब्दातली इ श्वासाळ. स्वरही बदलला आणि आवाजाचा पोतही. झाड म्हणजे 'टिम', झाडं म्हणजे 'टीम'. इथे काम मुख्यतः लांबीने केलं. आणि भाषकांच्या रोजच्या जगण्यातले सर्वांत जवळचे शब्द तर मूळच बदलतात: एक गाय 'वेंग' आणि अनेक गुरं 'ग़ॉक', एक माणूस 'रान' आणि अनेक माणसं 'कॉच'. यावर सहज म्हणता येईल की हे अपवाद असतील, मूळ नियम काही तरी असेलच. एडिंबरा विद्यापीठाचे रॉबर्ट लॅड, रेमाइसन आणि डिंकाभाषक अभ्यासक चागुओर अदोंग मन्यांग यांनी नेमका हाच मुद्दा तपासला. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की डिंकातल्या एकवचन-अनेकवचनाच्या जोड्यांमध्ये असा एकही साचा नाही ज्याला 'नियमित' म्हणून वेगळं काढता येईल. इंग्रजीत शंभर नामांना एस लागतो आणि मोजक्या नामांना लागत नाही. डिंकात तो शंभरांचा गट अस्तित्वातच नाही. प्रत्येक नामाची जोडी मूल ऐकून शिकतं.

क्रियापदात मात्र शिस्त कडक आहे, आणि तिथे या भाषेची बांधणी पाहून खरंच थक्क व्हायला होतं. एकाच अक्षराचा धातू. त्याच्या स्वराची लांबी, श्वास आणि सूर हलवून कर्ता कोण, क्रिया बोलणाऱ्याकडे येते आहे की त्याच्यापासून दूर जाते आहे, ती कुणासाठी केली, कर्तरी की कर्मणी, असं बरंच काही सांगितलं जातं. अँडरसन यांनी या बदलांचे थर एकावर एक कसे रचले जातात ते दीर्घ लेखमालेत उलगडून दाखवलं आहे. नामांच्या विभक्तीतही सूर काम करतो: क्रियापदानंतर येणाऱ्या कर्त्याची ओळख अनेकदा केवळ सुराने पटते. वाक्याची रचनाही वेगळी आहे. ज्याच्याविषयी बोलायचं ते पहिल्या जागी, क्रियापद किंवा सहायक क्रियापद दुसऱ्या जागी, आणि पहिल्या जागी कर्ता आहे की कर्म यावर क्रियापदाचं रूप ठरतं. क्रियापद दुसऱ्या जागी ठेवण्याची ही रीत जर्मनमध्ये आहे, आपल्याकडे काश्मिरीत आहे.

आता बोलींकडे परत येऊ. रेक, बोर, अगार, पदांग, रुवेंग यांच्यात शब्दसंग्रहाचे फरक आहेत, काही सहायक रूपं वेगळी आहेत, उत्तरेकडे अरबी शब्द अधिक आहेत. पण व्यंजनांची चौकट जवळपास सगळीकडे सारखी आहे आणि वाक्यरचनेचा सांगाडाही सारखा. वेगळेपणा जाणवतो तो स्वरात: एका बोलीत स्वर थोडा वर, दुसरीत खाली, एकीत तीन सूर, दुसरीत चार, एका शब्दाचा सूर इकडे उंच तर तिकडे घसरता. बोरमध्ये आवाजाचे दोन नव्हे तर चार पोत आहेत असंही काही अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे जिथे व्याकरण बसलं आहे त्याच खोलीत बोलींचे भेदही राहतात. बोलणाऱ्याला याचा त्रास फार होत नाही, कान काही वेळात जुळवून घेतो. लिहिणाऱ्यापुढे मात्र मोठा प्रश्न उभा राहतो. स्वर जितका नेमका लिहावा तितकी बोली वेगळी दिसू लागते. स्वर जितका ढोबळ लिहावा तितकं व्याकरण पुसलं जातं.

हा प्रश्न कुणी एका बैठकीत बसून सोडवला नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या आश्रयाखालचे कॅथलिक मिशनरी पांढऱ्या नाईलने वर आले. त्यांनी डिंका प्रदेशात 'होली क्रॉस' नावाचं ठाणं घातलं. १८५८ मध्ये तिथे पोचलेल्यांमध्ये पुढे प्रसिद्ध झालेले दानिएले कोंबोनी होते. तापाने माणसं इतकी मेली की ठाणं टिकलं नाही, पण जमवलेले शब्द टिकले. त्या सामग्रीवरून मिटेरुट्झनर यांनी १८६६ मध्ये डिंका भाषेवरचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात ब्रिटिशांच्या राजवटीने निरनिराळ्या पंथांना कामाचे वेगवेगळे प्रदेश वाटून दिले. नाईलच्या पूर्वतीरावर, बोरजवळच्या मलेकला, अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे आर्चिबाल्ड शॉ आले. पश्चिमेला बहर-अल-ग़ज़ालमध्ये व्हेरोनाचे कॅथलिक पाद्री. त्यामुळे बोर बोली प्रोटेस्टंटांच्या हातून छापली गेली आणि रेक कॅथलिकांच्या. फादर आर्तुरो नेबेल यांचा कोश आणि १९४८ मधलं व्याकरण रेक-मलुआल बोलीचं आहे. आज ज्या लिखित डिंका एकमेकींपासून दूर वाटतात, त्यांच्यातल्या अंतराचा एक मोठा भाग असा मिशनच्या नकाशातून आलेला आहे.

१९२८ मध्ये नाईलकाठच्या रेजाफ इथे भाषापरिषद भरली. जर्मन अभ्यासक डीड्रिख वेस्टरमान सल्लागार होते. दक्षिणेच्या शाळांसाठी काही निवडक भाषा ठरल्या; त्यांत डिंका, नुएर, शिल्लुक, बारी, झांदे होत्या. लिपी रोमन ठेवली, तिला आफ्रिकी भाषांसाठी बनवलेली काही अक्षरं जोडली. आजची डिंका लिपी तिथूनच उतरली आहे. श्वासाळ स्वरावर दोन टिंबं देतात, आणि उ नेहमीच श्वासाळ असल्याने त्याच्यावर टिंबं देत नाहीत. दीर्घ स्वर दोनदा लिहितात. अतिदीर्घाला वेगळी खूण नाही, आणि सूर तर कुठेच लिहिला जात नाही. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात खार्टूमच्या सरकारने मिशन शाळा ताब्यात घेऊन दक्षिणेच्या भाषा अरबी लिपीत लिहिण्याचा प्रयत्न केला. १९६४ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. उत्तर-दक्षिण युद्ध थांबवणाऱ्या १९७२ च्या अदिस अबाबा करारानंतर रोमन लिपीतलं काम पुन्हा सुरू झालं, १९८३ च्या युद्धाने पुन्हा विस्कटलं.

मराठीच्या वाचकाला या लेखनातली गोम चटकन कळेल. १९६२ च्या नियमांनी आपण न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. 'त्यानें', 'मीं' यांवरची टिंबं एकेकाळी व्याकरण सांगत होती, पण तोंडात ती उरली नव्हती, म्हणून गेली. डिंकात उलट आहे. तोंडात व्याकरण शाबूत आहे, कागदावर ते आलेलंच नाही. कर्ता ओळखवून देणारा सूर, धातूची तिसरी लांबी, या गोष्टी बोलणारा क्षणोक्षणी वापरतो आणि वाचणाऱ्याला त्या अंदाजाने भराव्या लागतात. वाचकाला एक ओळ दोनदा वाचावी लागते, पहिल्यांदा अर्थ शोधायला आणि दुसऱ्यांदा तो अर्थ धरून नीट उच्चारायला.

यावर पहिला आक्षेप असा, की संदर्भाने सगळं कळतं. अरबी आणि हिब्रू ऱ्हस्व स्वर न लिहिताच शतकानुशतकं वाचल्या जात आहेत. इंग्रजीचं लेखन उच्चाराशी कुठे जुळतं? हा आक्षेप हलका नाही. पण त्या भाषांमध्ये मुलाला वर्षानुवर्षं शाळा मिळते, वाचायला हजारो पुस्तकं असतात, आणि डोळ्याला शब्दांचे आकार पाठ होतात. डिंकाच्या वाट्याला यातलं काहीच पुरेसं आलेलं नाही. २००९ च्या पाहणीत दक्षिण सुदानमधल्या पंधरा वर्षांवरील लोकांमध्ये साक्षरतेचं प्रमाण सुमारे २७ टक्के होतं. जिथे वाचनाचा सराव कमी, तिथे लेखन जास्त मदत करणारं असलं पाहिजे. शिवाय अरबीत लिहिली जाणारी व्यंजनं अर्थाचा कणा असतात आणि स्वर त्यावर रूप चढवतात. डिंकात व्यंजनांच्या चौकटीत फार थोडी माहिती उरते, कारण ओझं स्वराने उचललेलं आहे. डिंका वाचणं अवघड जातं याचं खापर अनेकदा भटक्या जीवनावर किंवा शाळांच्या अभावावर फोडलं जातं. ती कारणं खरी आहेत, पण लेखनपद्धतीचा वाटा त्यांच्या आड झाकला जातो.

मग सूर लिहाच, प्रत्येक अक्षरावर खूण द्या, असा दुसऱ्या टोकाचा उपाय सुचतो. भाषाशास्त्रज्ञ आपल्या लेखांत तसंच करतात आणि त्यांना ते करावंच लागतं. पण पाठ्यपुस्तकात हे केलं, तर बोरचं पुस्तक अवेलच्या मुलाला पानोपानी चुकीचं दिसेल, कारण त्याच शब्दाचा सूर त्याच्या तोंडात वेगळा आहे. आज सूर न लिहिण्यामुळे जी अडचण होते तिच्यामुळेच एक फायदाही होतो: एकच लिखित शब्द बोरचा माणूस बोरच्या सुरात आणि रेकचा माणूस रेकच्या सुरात वाचू शकतो. चिनी लिपीने हेच मोठ्या प्रमाणावर केलं आहे. म्हणून मला मधला मार्ग योग्य वाटतो. लांबी सगळीकडे एकाच पद्धतीने आणि सातत्याने लिहावी, श्वासाची टिंबं कधीही गाळू नयेत, आणि सुराची खूण फक्त जिथे तिच्यावाचून वाक्याचा कर्ता-कर्म संबंध उलटतो तिथेच द्यावी. शब्दाचा स्वतःचा सूर बोलीबोलीत बदलेल. पण कर्त्यावर खूण आहे ही गोष्ट, तिचा प्रत्यक्ष उच्चार कसाही असो, सर्व बोलींना सामाईक ठेवता येते. म्हणजे खूण ध्वनीची नसून कामाची. आपण लिहिलेला 'ने' विदर्भात आणि कोल्हापुरात वेगळ्या हेलाने म्हटला जातो, पण तो लिहावा की नाही याबद्दल कुणाचं दुमत नसतं. लॅड यांनीही डिंकाच्या लेखनसुधारणेचा प्रश्न हाती घेतला आहे. तपशिलात मतभेद होतील, पण चर्चा सुराच्या खुणांइतकीच बोलींच्या एकीविषयी आहे हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: बायबलची भाषांतरं बोलींनुसार वेगळी झाली, म्हणजे त्या वेगळ्या भाषाच झाल्या. मला हा तर्क उलटा वाटतो. भाषांतरं वेगळी झाली कारण छापणारे वेगळे होते आणि प्रत्येकाला आपल्या ठाण्याभोवतीची माणसं आधी गाठायची होती. त्यांनी केलेलं काम मोठं आहे. बोरमधला नवा करार किंवा नेबेल यांचा कोश नसता, तर डिंकाचं लिखित रूप उभंच राहिलं नसतं. पण ठाण्यांच्या सीमा भाषेच्या सीमा ठरत नाहीत. भाषेची एकी पुस्तकाबाहेर पाहायला हवी, आणि तिथे पहिलं स्थान गाण्याचं आहे. अब्येईच्या ङोक डिंकांमध्ये जन्मलेले विधिज्ञ आणि लेखक फ्रान्सिस मडिंग डेंग यांनी १९७३ मध्ये डिंका गीतांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गाणं तिथे केवळ करमणूक नाही हे त्यांनी दाखवलं: तरुण आपल्या बैलावर गाणं रचतो किंवा रचणाऱ्याकडून करवून घेतो, भांडणात आपली बाजू गाण्यातून मांडतो, अपमानाची भरपाई गाण्यातून मागतो. बैलाच्या रंगांची आणि ठिपक्यांची नावं एवढी बारीक आहेत, की मानववंशशास्त्रज्ञ गॉडफ्रे लीनहार्ट यांना डिंकांची जग पाहण्याची रीत या रंगनावांतून उलगडता आली. पांढरा बैल मबियोर, तांबूस मलुआल, काळा-पांढरा मजोक, मगरीसारखा मन्यांग. हीच नावं माणसांना मिळतात; दक्षिणेच्या बंडाचे नेते जॉन गरांग दे मबियोर यांच्या नावातला मबियोर तोच. ही नावं रेंकपासून अवेलपर्यंत ओळखली जातात, आणि ती ओळखायला कुणाला पाठ्यपुस्तक लागत नाही. एडिंबरा आणि लंडनमधल्या अभ्यासकांनी डिंका भाषकांसोबत याच गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं, आणि बोललेला स्वर गाताना कसा वागतो हे अभ्यासलं. ज्या तीन लांब्या लिपी पकडू शकत नाही, त्या गाण्याच्या तालात रोज वापरल्या जातात.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. डिंका हा देशातला सर्वांत मोठा समाज आहे, सत्तेत त्याचा वाटा मोठा आहे, डिसेंबर २०१३ मध्ये पेटलेल्या युद्धाला डिंका-नुएर वैराची धार आली. अशा वेळी डिंकाला एकच प्रबळ लिखित भाषा म्हणून उभं करणं इतर साठेक भाषांच्या लोकांना धमकीसारखं वाटू शकतं. २०११ च्या राज्यघटनेने म्हणूनच सर्व देशी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटलं आणि सरकारी कामकाजाला इंग्रजी ठेवली. बाजारात तर जुबा अरबी चालते. पण डिंकाचं लेखन नीट झालं म्हणजे ते इतरांवर लादलं गेलं असं होत नाही. नुएरच्या स्वरव्यवस्थेतही असेच गुंते आहेत, शिल्लुकमध्ये तीन लांब्या सांगितल्या जातात. डिंकासाठी सापडलेला तोडगा या सगळ्यांच्या उपयोगी पडेल. पहिली तीन वर्षं मातृभाषेतून शिकवायचं शिक्षणाचं धोरण आहे. ते कागदावर राहण्याचं एक कारण असं, की शिक्षकाला आधी स्वतःलाच ती भाषा अडखळत वाचावी लागते.

दरम्यान भाषक स्वतः वाट पाहत थांबलेले नाहीत. १९८० च्या दशकातल्या युद्धातून पळालेली मुलं इथिओपियात आणि मग १९९२ मध्ये उघडलेल्या केनियातल्या काकुमा छावणीत पोचली. तिथे बोरचा, रेकचा, अगारचा मुलगा एकाच रांगेत उभा राहिला आणि तीन बोलींचं एकमेकांशी जुळवून घेणं रोजचंच झालं. पुढे त्यातले अनेक अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेले. ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर डिंकातून कार्यक्रम होतात, आणि तिथला निवेदक आपल्या बोलीत बोलतो तेव्हा इतर बोलींचे श्रोते रेडिओ बंद करत नाहीत. मेलबर्नमध्ये वाढणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आहे. तिथल्या आजीचं बोलणं त्याला कळतं, पण 'मेत' आणि 'मित' लिहिलेलं दिसलं की कोणत्या स्वरावर टिंबं द्यायची हे त्याला सांगणारं कुणी नसतं. त्याच्यासाठी तयार होणाऱ्या पुस्तकांत बोलीनिहाय स्वतंत्र लेखन ठेवायचं, की लांबी आणि श्वास सर्वांसाठी एकसारखा लिहून सूर ज्याच्या त्याच्या तोंडावर सोडायचा, हा निर्णय राजधानी जुबातल्या एखाद्या समितीइतकाच तिथे शनिवार-रविवारी भाषावर्ग चालवणाऱ्या पालकांच्या हातात आहे.